वस्तू क्रमांक सतरा

इतिहास प्रत्येकाच्याच घरात असतो. परंतु त्याची नोंद झाल्याखेरीज तो इतिहास होत नाही, तोवर ती नुसती अडगळ असते. मी छत्तीस वर्षे महसूल खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून, आणि एवढ्या काळात नोंद नसलेली एकही गोष्ट घडलेली मी पाहिली नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर आमच्या उंब्रजला इतिहास वस्तुसंग्रह मंडळ निघाले, तेव्हा त्याचे कार्यवाहपद आपोआपच माझ्याकडे चालून आले. (मीच ते सुचवले होते.)

साल १९७६. जुन्या वस्तूंची नोंद करून घ्यावी असा नवा कायदा आल्याचे वर्तमानपत्रात छापून आले होते. मूळ कायदा आमच्यापैकी कोणी वाचला नव्हता, आणि ते बरेच झाले, कारण वाचलेल्या कायद्याला मर्यादा पडतात. मंडळाचे अध्यक्ष सुभेदार तात्याबा हे फौजेतून पेन्शनीवर आलेले, नऊ एकर उसाचे धनी. ते पहिल्याच सभेत म्हणाले, "ऑर्डर म्हंजे ऑर्डर. ती वाचत बसायची नसती." हे वाक्य मी इतिवृत्तात अधोरेखित केले आहे.

संग्रहालयासाठी ग्रामपंचायतीने आम्हांला जुना कोंडवाडा दिला. कोंडलेल्या जनावराचा मालक पुढे मत देत नाही, हे ध्यानात आल्यापासून तो रिकामाच होता. इमारतीबरोबर कोंडवाड्याची नोंदवहीही मिळाली. तिची एकशे चाळीस पाने कोरी होती आणि छापील रकाने तयार होते: अनुक्रमांक, वर्ण, खुणा, शिंगे, मालकाचे नाव, कोठे सापडले, कोंडल्याची तारीख, सोडल्याची तारीख. कोरी पाने वाया घालवणे माझ्या रक्तात नाही. पहिल्या महिन्यात मी त्यात सोळा वस्तू चढवल्या. उदाहरणार्थ, वस्तू क्रमांक एक, तलवार: वर्ण – गंजका. खुणा – मूठ नाही. शिंगे – नाहीत. क्रमांक दोन ते सात हे तोफेचे गोळे होते. (पैकी चार खात्रीचे. उरलेले दोन गावातल्या सुलाबाईंनी मसाला वाटायला वापरात असल्याचे सांगून परत मागितले. परंतु वहीच्या पहिल्या पानावर नियम छापलेला आहे की, सोडण्याचा हुकूम झाल्याखेरीज कोंडलेले काहीही आवाराबाहेर जाऊ नये. त्यांनी नवा वरवंटा घेतला.)

आमच्या संग्रहात उणीव एकच होती. अक्षरे कोरलेली वस्तू आमच्याकडे नव्हती. तिकडे वडूजच्या मंडळाकडे एक मुद्रा होती, आणि तिच्यावर चक्क दोन ओळी होत्या. वडूजला पाऊस पडत नाही, पाटाला पाणी नाही, आणि मुद्रा मात्र आहे, ही गोष्ट सुभेदारांच्या जिवाला लागली होती. त्या काळात आमच्या भागात ज्या गावाकडे कोरीव लेख नाही त्या गावाला पूर्वज होते की नाहीत, अशीच शंका घेतली जाई.

अशात इमाम शिकलगारने अंगठी पाहिली. इमाम भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावे घालतो. उंब्रजमधल्या एकूण एक तांब्या-पातेल्यांवर त्याचेच अक्षर आहे. गावाचे सगळे रुसवेफुगवे आणि सप्रेम भेटी त्याला तोंडपाठ आहेत. दगडाबाई आपली नवी घागर घेऊन त्याच्याकडे गेली होती. दगडाबाई सत्तरीची, विधवा, राहायला तारळीकाठच्या आळीत, एकुलता मुलगा फौजेत. तिच्या उजव्या हातात, करंगळीशेजारच्या बोटात, चांदीची एक जाड अंगठी होती. इमाम म्हणाला, "आज्जी, ही लय जुनी हाय. शिक्क्याची हाय. अक्षरं उलटी हायत." शेजारी सुभेदार आपल्या पातेल्यावर नाव घालून घ्यायला उभे होते. त्यांनी पातेले तिथेच टाकले.

अंगठी तिच्या सासूची. लग्नात दगडाबाई अकरा वर्षांची होती, तेव्हा सासूने ती तिच्या बोटात सरकवली, आणि पुढे बोट वाढले. एकोणसाठ वर्षे ती निघालेली नव्हती. खोबरेल, साबणाचे पाणी, दोरा गुंडाळून ओढणे, हे सर्व उपाय मंडळाच्या देखरेखीखाली झाले. इमाम म्हणाला, "मागच्या अंगानं कापतो की. अक्षराला धक्का न्हाई लागायचा. मागनं डाग दिऊन जोडू." सुभेदारांनी त्याला करवत खाली ठेवायला लावली. ऐतिहासिक वस्तूला करवत लावणे म्हणजे इतिहासालाच लावणे, असा ठराव तिथल्या तिथे संमत झाला. त्यानंतर ठराव क्रमांक चार आला, त्याचा मसुदा माझा आहे आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो: "वस्तू तिच्या ठिकाणावरून हलवता येत नसल्याने, ते ठिकाणच संग्रहालयात आणण्यात यावे."

दगडाबाईला हे पटवणे अवघड गेले नाही. तिने एकच विचारले. "वाचून दावशीला का, काय लिवलंय त्ये? सासू अंगठी घालताना म्हनली हुती, हिच्यावर लिवलंय त्ये इसरू नगंस. काय लिवलंय त्ये तिलाबी ठावं नव्हतं." वाचून दाखवण्याची हमी मंडळाने तिला लेखी दिली. (तिला वाचता येत नाही, त्यामुळे ती हमी मीच तिला वाचून दाखवली.)

बुधवार, ता. ११ ऑगस्ट रोजी मी नोंद केली. अनुक्रमांक – १७. वर्ण – रुपेरी, काळपट. खुणा – उलटी अक्षरे. शिंगे – नाहीत. मालक – मंडळ. कोठे सापडले – दगडाबाई. वजनाचा रकाना छापील नव्हता, तो मी हाताने आखला. अंगठी निघत नसल्याने बियाण्यांच्या सोसायटीच्या काट्यावर दगडाबाईला उभे करून वजन घेतले: ४१ किलो २०० ग्रॅम (स्थळासह).

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दहा ते सायंकाळी पाच संग्रहालयात बसू लागली. सुताराकडून काचेची पेटी करून घेतली होती. पेटीला बाजूने गोल भोक, भोकातून हात आत, हाताखाली तांबडे मखमली कापड. पहिल्या आठवड्यात प्रेक्षक अंगठीऐवजी तिच्याशीच बोलत बसतात असे आढळून आले. कोणी तिला पाऊसपाणी विचारी, कोणी मुलाची खुशाली. त्याने वस्तूचे गांभीर्य जात होते. म्हणून पेटी आणि ती यांच्यामध्ये पडदा लावला. त्यानंतर अभिप्राय-वहीत लक्षणीय सुधारणा झाली. "लेख अप्रतिम. पूर्वजांस मुजरा." "अक्षरे पाहून ऊर भरून आला. कोणती लिपी?" एका हायस्कूलचे मुख्याध्यापक सहलीबरोबर आले होते. त्यांनी लिहिले: "मातीचा हात हुबेहूब. माशी बसली असता बोट हलते, ही यांत्रिक योजना प्रशंसनीय."

आता संग्रहालय म्हटले की अडचणी येतातच. सप्टेंबरच्या सुरुवातीला आटपाडीहून पोस्टकार्ड आले. आटपाडीला दगडाबाईची धाकटी बहीण शालूबाई दिली आहे. दोघींची लग्ने एकाच मांडवात झाली. दगडाबाई उंब्रजला आली, शालूबाई माणदेशात गेली. कार्डात लिहिले होते की शालूबाईने अंथरूण धरले आहे, अन्न जात नाही, आणि आक्काच्या हातची भाकरी खाईन म्हणते आहे, तरी लवकर यावे. हे मी पडद्यामागे जाऊन दगडाबाईला वाचून दाखवले.

ती म्हणाली, "मग मी जाऊन येते नानासो. चार दिसांत परत बसते."

मी तिला वस्तुस्थिती समजावून दिली. ती स्वतः केव्हाही जाऊ शकते, कारण तिची नोंद नाही. नोंद अंगठीची आहे. अंगठी न नेता ती जाणार असेल तर मंडळाची काडीइतकी हरकत नाही. तिने आपल्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "मग अर्ज लिवा." मी अर्ज लिहिला. स्वतःकडे आलेला अर्ज स्वतःच लिहिलेला असला की त्यात त्रुटी राहत नाहीत.

सोडण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कार्यकारिणीला, आणि कार्यकारिणीची सभा दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी. ऑगस्टची सभा गणपतीमुळे झालेली नव्हती. सप्टेंबरची नवरात्रामुळे झाली नाही. मधल्या काळात आणखी दोन कार्डे आली, ती मी क्रमाने फाइलला लावली. दरम्यान दगडाबाई जेवेनाशी झाली. शेजारीण भाकरी घेऊन यायची, ती तशीच परत जायची. सोसायटीच्या काट्यावर वस्तूचे वजन ३८ किलो ७०० ग्रॅम भरले. संवर्धनाच्या दृष्टीने ही घट मला चिंताजनक वाटली, परंतु सुभेदारांनी अंगठी फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. ती आता किंचित फिरत होती. "असंच चाललं तर दिवाळीपर्यंत आपोआप निघंल," असे ते म्हणाले. पेराचे हाड मात्र आड येत होते.

दसऱ्यानंतर शालूबाईचा मुलगा आकाराम स्वतः आला, दोन गाड्या बदलून. त्याच्या अंगावर प्रवासाची धूळ होती आणि त्याने पाणीसुद्धा मागितले नाही.

"मावशीला न्यायला आलोय," तो म्हणाला.

मी त्याला प्रवासाचा नमुना दिला. तो मी नव्यानेच तयार केला होता. वस्तू कोणत्या मार्गाने नेणार? कोणत्या वाहनाने? कशात गुंडाळून?

"लुगड्यात," आकाराम म्हणाला.

आटपाडी सांगली जिल्ह्यात पडते, म्हणजे हे प्रकरण जिल्ह्याबाहेरचे झाले. तिथे वस्तू ताब्यात घेतल्याची पोच देणारे मंडळ असणे आवश्यक होते. आटपाडीला असे मंडळ नव्हते. मी त्याला मंडळ स्थापन करण्याची पद्धत समजावून सांगितली, आमच्या घटनेची एक प्रतही देऊ केली. तो ऐकत नाही असे पाहून मी स्वतःहून एक सवलत सुचवली: शालूबाईलाच इकडे आणावे. प्रेक्षकांना दहा ते पाच मज्जाव नाही. (सोमवारी बंद.)

"ती कूस बदलत न्हाई, आवं," तो म्हणाला. "मावशी, चल तू. काय करत्यात बघू."

दगडाबाई उठलीच होती. तेव्हा सुभेदार आत आले. ते तिच्याशी कधीही आवाज चढवून बोलले नाहीत, हे मी इथे नमूद करतो. ते हळू म्हणाले, "बाई, लॉ हाय ह्यो. आजकाल लोक कशाकशात आत जात्यात तुमी बघताय. अन् तुमचं पोरगं सर्व्हिसमदी हाय. त्येच्या शीटरोलवर, म्हंजे नोकरीच्या कागदावर, लाल शाईची एंट्री पडली तर पुसत न्हाई ती जलमभर." दगडाबाई पुन्हा खाली बसली. तिने हात भोकातून आत घातला. आकाराम मला म्हणाला, "तुमाला भन हाय का?" हा प्रश्न नमुन्यात नव्हता. तो गेला.

मंडळ मात्र स्वस्थ बसलेले नव्हते. वाचून दाखवण्याची हमी आम्ही विसरलो नव्हतो. एकदा लेख वाचला गेला की छायाचित्र आणि वाचन यांवर काम भागेल, मग तिच्या जाण्याला हरकत कशाला घ्या, असा माझा विचार होता. मी साताऱ्याचे एक मोडीचे जाणकार आणि सांगलीचे एक निवृत्त फारसीचे शिक्षक अशा दोघांना एकाच दिवशी बोलावले. मंगळवार, ता. १२ ऑक्टोबर. अंगठीवरची अक्षरे एकोणसाठ वर्षांच्या पिठाने, शेणाने आणि राखेने भरलेली. साताऱ्याच्या जाणकारांनी आरसा धरून पाहिले आणि मोडी असल्याचे सांगितले. सांगलीच्या शिक्षकांनी आरशाशिवाय पाहिले आणि फारसी असल्याचे सांगितले. इमाम दारात उभा होता. त्याने दोनदा हात वर केला. त्याचे बोलणे विषयपत्रिकेत नसल्याचे मी त्याला दोनदा सांगितले. पाहुण्यांचा वाद वेलांटी की नुक्ता या मुद्द्यावर चार तास चालला (त्याच दुपारी आटपाडीला शालूबाई वारली), आणि चहाच्या वेळी दोघांनी आपापली मते राखून ठेवून एकमेकांच्या व्यासंगाची स्तुती केली. अंगठी किमान दोनशे वर्षांची, याबाबत मात्र एकमत झाले. सुभेदारांनी दोघांना गुळाची एकेक ढेप दिली.

तार बुधवारी अकरा वाजता आली. मी पडदा बाजूला करून ती वाचली. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. ही गोष्ट इतिवृत्तात नाही.

दगडाबाई रडली नाही. तिने विचारले, "हात काढू का?"

पाच वाजायला अवकाश आहे, असे मी म्हणालो. छत्तीस वर्षांची सवय आहे, तोंडातून निघून गेले.

तिने हात बाहेर काढला, पदराने पुसला आणि ती चालू लागली. हुकूम नव्हता. कोंडवाड्याच्या इतिहासात कोंडलेले काही हुकुमाशिवाय बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. (म्हशींनीही कधी असे केले नव्हते.) मी नोंदवही काखेत मारून तिच्या मागोमाग गेलो. ती इमामच्या पायरीवर जाऊन बसली आणि त्याच्यापुढे हात धरला. इमामने बारीक करवत घेतली, बोटाखाली कातड्याचा तुकडा सरकवला आणि दोन मिनिटांत मागच्या अंगाने अंगठी कापली. मग अंगठीचा शिक्का सुईने कोरून साफ केला, उजेडात धरला आणि दगडाबाईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितले. तिची मान दोनदा हलली. बोटावर पांढरी खाच पडली होती, ती तिने अंगठ्याने चोळली.

मग तिने अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या नानासो. आता मधी बोट न्हाई तुमच्या. वाचा निवांत."

दीडच्या कराड गाडीने ती गेली. मी इमामला विचारले, तू तिला काय सांगितलेस?

"अंगठीवरचं."

"तुला वाचता येते?"

"माजा बा शिक्केच कोरायचा. उलटं वाचायलाच आमी पयलं शिकलो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"दोनदा हात वर केला की काल."

आता तरी सांग, असे मी म्हणालो. विनंती केली म्हटले तरी चालेल. त्याने एक तांब्या पुढे ओढला. "ज्येचं हुतं त्येला सांगितलं," तो म्हणाला, आणि ठोकायला लागला.

तरीही काळजीचे कारण नव्हते, कारण अंगठी आता आमच्या हाती होती आणि स्वच्छ होती. सुभेदार म्हणाले, कार्यकारिणीपुढे वस्तू टर्नआउटमध्ये, म्हणजे फौजी टापटिपीत, गेली पाहिजे. ते ती घरी घेऊन गेले. फौजेत चोवीस वर्षे त्यांनी बक्कल आणि बिल्ले चमकवले होते. ते पितळेचे पॉलिश आणि फलालीनचा तुकडा त्यांच्याकडे अजून होता. त्यांनी दररोज सकाळी एक तास, असे दहा दिवस अंगठी घासली. शनिवार, ता. २३ ऑक्टोबर रोजी, दोन सभा हुकल्यानंतर प्रथमच, कार्यकारिणीची सभा गणपूर्तीसह भरली. अंगठी तबकातून फिरवण्यात आली. तिच्यावर एकही अक्षर उरले नव्हते. ती आरशासारखी लखलखत होती. प्रत्येक सदस्याने तिच्यात आपापले तोंड पाहिले आणि समाधान व्यक्त केले. त्याच सभेत दगडाबाईचा आटपाडीस जाण्याचा अर्ज एकमताने मंजूर झाला. अर्जदार गैरहजर होती.

दगडाबाई महिन्याने परत आली. ती कोंडवाड्यावरून जाते, पण आत येत नाही. मी एकदा तिला वाटेत थांबवून विचारले, बाई, काय लिहिले होते अंगठीवर? ती म्हणाली, "शालीला सांगायचं हुतं पयलं. ल्हानपनी दोघी मिळून लय डोकं खाजवायचो त्यावर, म्हायेरी आलो की. म्हनायची, आक्का, तुला कळलं की आदी मला सांग." मग ती म्हणाली, "आता तुमाला कशाला सांगू?" आणि पाण्याला गेली. तिच्या घागरीवर तिचे नाव होते, इमामच्या अक्षरात. मला ते बराच वेळ दिसत राहिले.

अंगठी काचेच्या पेटीत आहे. पेटीचे भोक बुजवले आहे, पडदा तसाच ठेवला आहे. संग्रहालय चांगले चालले आहे. अभिप्राय-वहीत आजवर सहाशे अकरा सह्या झाल्या, आणि सहाशे अकरा जणांनी एकच गोष्ट विचारली: लेख काय होता? आपण इथवर वाचत आलात, आपल्याही मनात तेच घोळत आहे, हे मी ओळखतो. मला आपल्याविषयी आदर वाटतो.

अशा जिज्ञासू व्यक्तींना मंडळ सभासद करून घेते. त्यासाठी छोटीशी परीक्षा आहे, प्रश्न दोनच. वस्तू क्रमांक सतराचे, स्थळासह, मूळ वजन किती? आणि शालूबाई कोणत्या वारी गेली? दोन्ही उत्तरे मी वर दिलेली आहेत, दुसरे कंसात. पहिले तोंडपाठ असेल आणि दुसऱ्यासाठी मागे जाऊन पाहावे लागत असेल, तर आपण उत्तीर्ण आहात.

आपली नोंद मी घेतली आहे. वर्ण आणि खुणा मागाहून भरू. शिंगे – नाहीत. कोंडल्याची तारीख – आजची. सोडल्याची तारीख हा रकाना तूर्त कोरा ठेवला आहे.